अर्धविरामानंतरचा आकडा

मेरिमॅक नदीच्या काठावर, लाल विटांच्या गिरणीत
आधी लोकर विणली जायची.
लॉरेन पेल्टियेचा बाप तिसऱ्या मजल्यावर, मागावर.
चाळीस वर्षांत त्याचे कान गेले.
कापड बिनचूक उतरलं तर तो बोलत नसे.
खोट सापडली, तरच बोट ठेवायचा.

माग भंगारात गेले.
मजला विमा कंपनीने भाड्याने घेतला,
कपाटाएवढी यंत्रं मांडली.
यंत्र ज्यांचं, त्यातली व्यवस्थाही त्यांचीच,
तार त्यांची, आणि तारेचं टोक असं
की दुसऱ्या कुणाच्या यंत्रात बसू नये.
पण बोलणं कसं, घरंदाज:
"फाइल सापडली नाही. नाव पुन्हा तपासून पाहावे."
आणि टाकून म्हणून काही द्यायचं नाही.
दाव्यांची यादी सुधारली तरी जुनी तशीच राहायची,
नावापुढे अर्धविराम, अर्धविरामापुढे आकडा.
एक, दोन, सदतीस.
सदतीसदा चुकलात, तर सदतीस वाटा मागे यायला.

एकोणनव्वदचा मार्च. नदीवरचा बर्फ अजून फुटायचा होता.
युनिक्सवाले आले.
एक नव्हे, पाच कंपन्यांचे पाच,
आणि पाचांच्या तोंडी एकच शब्द: खुलं.
आमचं खुलं. आमचं जास्त खुलं.
त्यांचं खुलं म्हणजे नुसतं दार लोटलेलं.
लॉरेनने पाचांच्या पाच फिती लावून पाहिल्या.
एकीचं दुसरीला कळेना.
"कुलूप गेलं म्हणता," ती साहेबाला म्हणाली,
"मग किल्ल्या पाच कशाला?"
साहेबाने आकडा पुढे सरकवला. निम्म्याहून कमी.

जुन्या कंपनीचा व्हिटकोम्बही येऊन गेला,
उंटाच्या रंगाचा कोट, हातात डोनटचा खोका.
"कॉलेजातल्या पोरांचं खेळणं आहे ते. दोन वर्षं टिकलं तर सांगा."
ऑक्टोबरात पुन्हा आला, तोच कोट, नवं कार्ड:
आता त्याचंही युनिक्स होतं.
सहावं खुलं.
डोनट मात्र या वेळी नव्हते.

नवं यंत्र टेबलाखाली मावलं.
दोन अक्षरांत हुकूम, उत्तर नाही.
नुसतं चिन्ह लुकलुकतं:
झालं. पुढचं बोला.
पहिल्या आठवड्यात लॉरेनने दोन अक्षरं लिहिली,
तारा काढला, मध्ये एक जागा
जास्तीची सुटली.
यंत्राने विचारलं नाही, खात्री आहे का.
तेवीसशे दावे. जळालेली कोठारं, मोडलेल्या मांड्या,
एका बाईचा बुडालेला नवरा.
आणि पडद्यावर काहीच नाही,
कारण काम चोख झालं होतं.

मंगळवारची फीत होती म्हणून निभावलं.
उरलेलं ती आणि नोएला गान्ये
दोन रात्री बसून पुन्हा टंकत राहिल्या.
तिसऱ्या रात्री लॉरेनने एकटीने अकरा ओळी लिहिल्या:
पुसण्याआधी प्रत ठेव,
नावापुढे आकडा लाव.
बॉस्टनहून आलेला रेनफ्रू म्हणाला,
"इथे असं कुणी करत नाही."
"करता येतं ना?"
त्याने ओळी पुन्हा वाचल्या.
"येतं. जुन्यात आलं असतं का, तुम्हाला हात घालता?"
यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं.
तिथे सगळं सांभाळलं जायचं,
पण सांभाळणारा कोण, ते कधी दिसलं नव्हतं.

जुनी यंत्रं मालाच्या लिफ्टने खाली गेली.
तांबं वजनावर विकलं.
त्या रविवारी ती बापाला घेऊन आली,
काठी टेकत तिसऱ्या मजल्यापर्यंत.
त्याला माग कुठे होता ते बरोबर आठवलं,
खांबापासून चार पावलं.
मग टेबलाखाली वाकला, नव्या यंत्रावर तळवा ठेवला,
थरथर बघायची म्हणून,
कापडावरून फिरवायचा तसाच फिरवला.

काही बोलला नाही.
खोट नव्हती, की हाताला लागली नाही,
लॉरेनने विचारलं नाही.
तिने तारीख टाकली, अर्धविराम,
आणि पुढे एक.