अकरा मिलिसेकंद

नव्वद चित्रं एका सेकंदात.
एकेकाच्या वाट्याला अकरा मिलिसेकंद, वर चिमूटभर.
तेवढ्यात चित्र आलं नाही, की मान पुढे जाते
आणि जग मागे राहतं,
पोटात कालवतं
आंबा घाटात एसटीच्या शेवटच्या बाकावर कालवतं तसं.

ही कालवाकालव थांबवायला मी 'लगाम' लिहिला,
विश्रामबागेत, खाली झेरॉक्सचं दुकान असलेल्या खोलीत.
चार महिन्यांनी पद्मराज मगदूमनं 'सारथी' काढला.

वालचंदला लॅबमध्ये माझा जोडीदार होता पद्मराज.
त्याची वेगाची पट्टी डाव्या कोपऱ्यात, माझ्यासारखी.
अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर लाल होणारी,
माझ्यासारखीच.
अठ्ठ्याण्णव मी कुठून आणले होते?
अंदाजपंचे.
हिशोब दोघांचा एक येऊ शकतो,
अंदाज येत नाही.

विचारलं मात्र नाही.
भडंगाच्या दुकानात समोरासमोर आलो
तेव्हा दोघांनी एकदमच मोबाईल काढले.
पुढच्या आवृत्तीत मी एक ओळ घातली:
सारथी दिसल्यास बंद करावा.
त्यानं घातली: लगाम आता जुना झाला.
माझ्या मोजमापात मी दोन चित्रं पुढे,
त्याच्या मोजमापात तो तीन.
माझी गिऱ्हाइकं दोनशे अकरा, आठवड्यातून एकदा मोजायचो.
त्याची रोज.

मग मिरजेहून तहसीन जमादारचा फोन.
तिचं पार्लर: दोन हेडसेट, एक पंखा,
वीस मिनिटांचे ऐंशी रुपये,
कॉम्प्युटर कुठल्याशा पतसंस्थेच्या लिलावातला.
'दादा,' म्हणाली, 'चित्र श्वास घेतंय.'

गेलो. हेडसेट चढवला. समोर बर्फातला किल्ला,
आणि खरंच,
चिरे रेखीव, चिरे धूसर, पुन्हा रेखीव,
बुरुजाची छाती वरखाली.
माझा लगाम चित्र उतरवायचा,
त्याच्या सारथ्याला तेवढी जागा मोकळी दिसायची,
तो चढवायचा.
मी उतरवायचो.
माझी ती बंद करायची ओळ? तिनंच ती काढून टाकली होती,
सेटिंगमध्ये जाऊन.
'दोन्ही कशाला ठेवलीस?'
'एकानं गुण येईना, म्हणून दुसरं.'
कोपऱ्यात बादली होती.
बादलीशेजारी लिंबाच्या फोडी, बशीत, झाकलेल्या.

त्या रात्री जुनी ओळ खोडली, नवी लिहिली:
सारथी असेल तर आपण गप्प बसावं.
याला मी मोठेपणा म्हणणार नाही.
डोळ्यांपुढून ती बशी हलत नव्हती, एवढंच.
तीन वाजता आवृत्ती सोडली नि आडवा झालो.

पद्मराजही संध्याकाळी मिरजेला जाऊन आला होता,
हे मला मागाहून कळलं.
त्यानंही त्याच रात्री, तीनला दहा कमी असताना,
लगाम असेल तर गप्प बसावं.
ओळ वेगळी, चूक तीच.
समोरचाही गप्प बसला तर पुढे काय,
हे दोघांपैकी कुणीच लिहिलं नव्हतं.

सकाळी त्या लिलावातल्या कॉम्प्युटरवर
आमची दोन साधनं पंगतीतल्या व्याह्यांसारखी,
आधी तुम्ही, छे, आधी तुम्ही,
आणि वाढलेलं ताट तसंच.

अकराच्या सुमारास तहसीनचा मेसेज:
'आज एकदम झकास. एकालाही मळमळ नाही.
दोघांनाही थँक्यू.'

नोंदी उघडून बघितल्या.
बावीस, बावीस, बावीस.
आम्ही दोघं बाजूला झाल्यावर हेडसेटनं आपणहून
अर्धी चाल धरली होती,
आणि ती मोडली नव्हती.
पोरं त्या संथ बर्फात आरामात हिंडत होती.

फोन वाजला. नंबर मी कधी पुसला नव्हता.
'बावीस बघितलंस?'
'बघितलं.'
पलीकडे कुकरची शिट्टी, मग कुणाला तरी 'गॅस बारीक कर'.
'तिला सांगायचं का रे?'
'सांगू. दोनशे रुपये घेतलेत मी तिच्याकडून.'
'मी अडीचशे.'
बराच वेळ दोघंही फोन धरून.

अठ्ठ्याण्णवचं तेव्हा विचारणार होतो.
दुसरी शिट्टी झाली, तो म्हणाला, ठेवतो.
अजून विचारलेलं नाही.