पट्टीवरचं पाणी

बैलूरच्या डोंगरात ती उगवते.
तिथून मावळतीचा समुद्र जवळ,
जांभ्यावर उभं राहिलं की खारा वारा लागतो,
असं गुराखी सांगतात.
तरी मार्कंडेय त्याच्याकडं पाठ करून निघते,
एष्टी चुकलेल्या बाईसारखी,
चालत.

राकसकोपला तिला अडवतात.
थोडी नळानं शहरात जाते, भांडी घासते,
आणि नाल्यातून काळी होऊन
काकतीच्या पुढं कुठंतरी परत येते.
बराच वेळ दोघी एकमेकींना ओळखत नाहीत.

आमच्या पुलाखाली बाबांचं राज्य.
खांबाला ठोकलेली काळी-पांढरी पट्टी.
सकाळी सहा, दुपारी बारा, सांजचे सहा,
भरमाण्णा यळ्ळूरकर, गेज रीडर,
वाकून आकडा वाचायचे,
वहीत कन्नडमध्ये लिहायचे,
आईला मराठीत सांगायचे.
एका ऑगस्टात पट्टीच बुडाली.
त्यांनी लिहिलं : पट्टी नाही. पाणी आहे.
साहेबांनी तांबड्या शाईत विचारलं,
आकडा कुठे?

पुढं लाल माती संपते, काळी लागते,
बटाटा जाऊन ऊस येतो,
आमचा व्हळ तिथं हळ्ळ होतो.
सत्यव्वा आत्याला दिली गोकाकाकडं,
ती आता नदीला होळे म्हणते.
लहानपणी मी होळी ऐकायची.
वाटायचं, आत्याच्या गावात
पाणी पेटवतात.

गोडचिनमलकीला कड्यावरून पडते.
उठते.
घटप्रभेत तिचं नाव जातं,
कृष्णेत घटप्रभेचं.
मग पार उगवतीच्या समुद्रापर्यंत
बैलूर ठाऊक असलेलं
कुणीच भेटत नाही.

बाबांनी कुठलाच समुद्र पाहिला नव्हता.
शाळेच्या सहलीत मी वेंगुर्ल्याहून
बाटली भरून आणली.
त्यांनी बोट बुडवलं, चाखलं, थुंकले.
"हे आपलं न्हवं. आपलं तिकडच्यात पडतंय."
मग बऱ्याच वेळानं,
वहीवर रेघा मारता मारता,
"खरं, पट्टी कुठं मारल्यात गे त्याला?"

आई म्हणाली, तुळशीला घालू नको, मीठ असतंय.
बाटली पंधरा दिवस कोनाड्यात राहिली.
शेवटी मी ती पुलावरून ओतली,
जाऊ दे, लांबच्या वाटेनं का होईना.

त्या सांजचा आकडा : एक पूर्णांक दोन.
सकाळी होता तेवढाच.