मागच्या दारानं

बदली होऊन आलाय म्हणता सांगलीला,
आन् पयलाच सवाल : सांजच्याला जेवायला कुठं जाऊ?
बराबर माणूस गाठलाय बगा.
फकस्त एक सांगून ठेवतो,
हॉटेलाची पुढची बाजू मी कधी बघितली न्हाई.
पाटी कसली, खुर्ची कसली, मला ठाव न्हाई.
मी दस्तगीर नदाफ. एकोणीस किलोची निळी टाकी
खांद्यावर घेऊन बोळातनं आत शिरणारा.

मारुती रोडला भांड्यांच्या दुकानाला वळसा घाला,
पद्मण्णा चौगुल्यांची खानावळ.
तीन दिवसाला एक टाकी. लगीनसराई असू दे
न्हाईतर चातुर्मास, चौथा दिवस उजाडत न्हाई.
माणूस मापात, मीठ मापात.
कांदा मागू नका, मिळायचा न्हाई,
पण दोडक्याच्या शिरांची चटणी
शेंगदाण्याच्या कुटात परतलेली,
तिचा वास बोळाच्या तोंडापतोर येतो
आन् माझा खांदा आपोआप हलका होतो.

चौकातलं ते झगमग हॉटेल?
रोज दोन टाक्या. लोक म्हणत्यात, धंदा बगा!
मी म्हणतो, बर्नर बगा.
पिवळी ज्योत, काळी बुडं,
आन् गेल्या सोमवारची ग्रेव्ही
फ्रीजच्या फटीतनं माझ्याकडं बघत असती.
जाऊ नका असं मी म्हणणार न्हाई,
गिऱ्हाईक हाय आमचं.
पण जाऊ नका.

भेळ खायची तर रावसाहेब कोष्ट्याचा गाडा.
त्येला माझी टाकी लागत न्हाई,
भडंग घरनंच परतून आणतो,
म्हणून त्येची चव मला मागच्या दारानं कळाली न्हाई,
रोख पैसे मोजून कळाली.
लसूण कुरकुरीत, मिरची तळलेली, हात सढळ.
उधार मागितलं की कानानं ऐकू येत न्हाई त्येला.

मटण? सुलतान शिकलगार.
बुधवार, शुक्रवार, ऐतवार.
सकाळी सहाला टाकी लावतो
आन् आच इतकी बारीक ठेवतो
की वाटतं, इझली काय?
इझलेली नसती. वाट बघत असती.
तसलं वाट बघणं हल्ली कुणाला जमत न्हाई साहेब,
मलाबी न्हाई. मी दोन-दोन पायऱ्या चढतो.

आता ऱ्हायली सुगंधाक्का माळग्यांची.
नावच न्हाई हॉटेलाला. असलं तर पुढं असंल.
पुराच्या साली पाणी आलं तवा
तिच्या दोन टाक्या मागच्या दारानं तरंगत निघाल्या.
एक हरिपूरकडं घावली, बाभळीत अडकलेली,
वर एक बगळा बसलेला.
दुसरी गेली ती गेली.
एजन्सीच्या वहीत मी दोन्ही जमा दाखवल्या.
डिपॉझिट माझ्या पगारातनं कटलं, हप्त्या-हप्त्यानं,
हे तुमाला सांगितलं, तिला न्हाई.

तिला कळालं असंल का, कुणास ठाऊक.
तवापासनं टाकी उतरली की
चुलीजवळ एक ताट झाकलेलं असतं.
ज्वारीची भाकरी, अक्का मसूर, वर कच्चं तेल.
"बस की," म्हणती, "पुढं जाऊन बस, पंख्याखाली."
मी म्हणतो, अंगाला घामाचा वास येतोय आक्का.
उंबऱ्यावरच खातो, टाकीला टेकून.

तुमी जावा. पुढनं जावा, इस्त्रीचा शर्ट घालून.
आन् उद्या हापिसात मला सांगा,
पंखा खरंच हाय का तिथं?
भिंतीला रंग कसला?
पाण्याची खूण ऱ्हायलीय का अजून, किती उंच?

पर आठच्या आत जावा.
सकाळी तिची टाकी हलवून बघितली मी,
तळाला जरासाच आवाज हाय.
आठच्या सुमाराला सपणार.
मग तव्यावरची भाकरी अर्धी ऱ्हाती
आन् मी येस्तोपतोर
पुढं बसलेल्या सगळ्यास्नी
थांबावं लागतंय.