पायगुण

मंगळवारी सकाळी व्हर्नेटाच्या घरात
दोन तास मी मालकीण होते.

आदल्या रात्री ओडेलने भिंतीवरून उतरवले
आईचा पदवीचा फोटो,
जुळ्या मुलींचं बोळकं हसू,
चर्चच्या अंगणातली सगळी भावंडं.
एकेक फ्रेम पुसली, चादरीत गुंडाळली,
झोपलेलं मूल न्यावं तशी
गाडीच्या डिकीत नेऊन ठेवली.
न्हाणीघरातली केसांची तेलं, साटिनची टोपी,
शेल्फावरची निम्मी पुस्तकंसुद्धा.

मी माझे आणले.
गोठलेलं तळं, वडिलांच्या हातात मासा,
भावाचं लग्न (ते मोडून सहा वर्षं झाली).
खिळे त्यांचेच होते.
माझ्या फ्रेमा लहान पडल्या,
कडांनी भिंतीचा न विटलेला रंग डोकावत राहिला.

बँकेने पाठवलेला माणूस आला.
बूट पुसले. स्वयंपाकघर छान आहे म्हणाला.
"वसंतात करून घेतलं आम्ही," मी म्हणाले.
आम्ही म्हणताना
जीभ जराही अडखळली नाही.

तेव्हा व्हर्नेटा दोन गल्ल्या पलीकडे
वाचनालयासमोर गाडीत बसली होती,
मागे डिकीत सासूबाई.

महिन्यापूर्वी दुसरा एक येऊन गेला होता.
हेच छप्पर, हाच ओव्हन, दारात हेच मेपलचं झाड.
त्याने लिहिलं होतं एक लाख बेचाळीस.
याने लिहिलं एक लाख अठ्ठ्याण्णव.

छप्पन्न हजार डॉलर
माझ्या पायगुणाचे.

"अगं, मी काहीच केलं नाही," मी फोनवर म्हणाले,
विनयाने, माणसं म्हणतात तसं.
पलीकडून व्हर्नेटा म्हणाली, "हो ना."
मग बराच वेळ कुणीच बोललं नाही.

नव्वद साली आमच्याकडेही आला होता असा माणूस.
आई मागे कपडे वाळत घालत होती.
दार उघडंच होतं.
त्याने आपापलं मोजलं, लिंबूपाणी प्यायला, गेला.
कोण राहतं इथे, हे भिंतींना
कुणी विचारलं नाही.
त्या भावावर कर्ज निघालं, त्या कर्जावर माझं कॉलेज,
आणि मी आजवर सांगत आले
की आम्ही खस्ता खाल्ल्या. खाल्ल्याही होत्या.

संध्याकाळी फोटो न्यायला गेले
तर ओडेल स्टुलावर उभा,
आईची फ्रेम पुन्हा लावत,
डावीकडून जरा वर, नाही, जरा खाली.
"सरळ आहे का?" त्याने विचारलं.

मी लांब जाऊन पाहिलं.
माझ्या नजरेवर माझा भरवसा उरला नव्हता.