एकास अठ्ठेचाळीस

या विमानाचा तयार संच बाजारात मिळत नाही.
मिळाला असता तरी घेतला नसता.
छत्तीस वर्षं कुओपिओत
दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून
मी कवळ्या घडवल्या, दुसऱ्यांच्या तोंडच्या मापानं.
हे एकच काम माझ्या मापाचं.

नकाशा नाही. फोटो एक,
त्यातही अर्धंच विमान:
नाक, डावा पंख, बर्फात रुतलेली एक स्की,
आणि कडेला कुणाचा तरी कोपर.
बाकीचं फोटो काढणाऱ्यानं जगाबाहेर ठेवलं.
उजवा पंख मी डाव्यावरून उतरवला, आरसा धरून.
पण दार उजवीकडेच होतं,
तिथं आरसा काय करणार.
दाराचा खालचा अर्धा भाग मला तोंडपाठ आहे:
बिजागरी, पोचा आलेली पायरी, रबराची निघालेली कड.
सात वर्षांची होते, नजर तिथवरच पोचायची.
वरचा अर्धा अंदाजपंचे.

हत्यारं तीच, दात कोरायची.
प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून फासळ्या कापल्या,
एकवीस, त्यांतल्या चार फुकट गेल्या.
मेणबत्तीवर प्लास्टिकची काडी धरायची,
ती लाजल्यासारखी वाकली की ओढायची:
केसाएवढी तार निघते.
घाई केली तर जाड राहते,
रेंगाळलात तर हातात नुसता धूर.
सात सिलिंडरांना जुन्या टेलिफोनमधली तांब्याची तार गुंडाळली.
तसाही कुणाचा फोन येत नसे.

शेजारचा रायमो हवाईदलात मेकॅनिक होता.
"रंग करडा," तो म्हणाला.
"पिवळा," मी म्हणाले.
तीन दिवस आमची कॉफी बंद.
चौथ्या दिवशी अंडं उकडलं, जरा जास्तच,
बलक कापला, तर कडेला
पिवळ्यावर चढलेला करडा.
तशीच ताटली घेऊन त्याच्या दारात उभी राहिले.

आत स्ट्रेचर आहे.
त्याचे पट्टे, बकला,
चहात बुडवून वाळवलेल्या कागदाची घोंगडी,
उशीला पडलेला खळगा.
मग दोन्ही बाजू चिकटवल्या.
संपलं. आता ते कुणालाच दिसणार नाही.
"मग केलंस कशाला?" रायमो.
कवळीची आतली बाजूही मी घासून गुळगुळीत करायचे.
ती फक्त जिभेला कळते.

तो कोपर आईचा.
आईला मी कोपरापासूनच घडवत गेले,
चेहरा शेवटी, तोही स्कार्फमध्ये.
ती साडेतीन सेंटिमीटर. आर्तो दोन.
चार वर्षांचा, घटसर्पानं घसा धरलेला,
दुलईत गुंडाळलेला,
म्हणून हातपाय करावे लागले नाहीत.
पायलटला तीनदा खरवडून काढला, घाईत दिसायचा.
मी त्यात नाही.
मी बघत होते.

सरोवर साच्याच्या प्लास्टरचं.
धावपट्टीच्या दुतर्फा रोवलेल्या फांद्या
म्हणजे टूथब्रशचे केस, हिरवे रंगवलेले.
वरून भुरभुरलेला खाण्याचा सोडा.
स्कीच्या दोन रेघा सुरीच्या पाठीनं ओढल्या,
पलीकडच्या काठापासून विमानापर्यंत.
पुढे कोरं.

प्रदर्शनात तेरा-चौदाचा एक मुलगा
गुडघ्यांवर हात टेकून कितीतरी वेळ पाहत होता.
"उतरल्याच्या खुणा आहेत," म्हणाला,
"उडाल्याच्या राहिल्यात."
"अजून उडालं कुठंय."
त्यानं मान हलवली, पटल्यासारखी.
मग अगदी जाणत्या आवाजात:
"सोड्याचा बर्फ पाच-सात वर्षांत पिवळा पडतो."
माहीत आहे रे.
मी एकोणऐंशीची आहे.
पडू दे पिवळा.
रायमो त्यालाही करडाच म्हणेल.