कारणाचा रकाना

भोसरी. रात्रपाळी. पावणेतीन.
एकशे बारा बुश भंगारात
आणि फॉर्मवर एकच रकाना रिकामा :
कारण, इंग्रजीत.
सकाळी नऊला हा कागद जर्मनीला जाणार.

एरर लिहिलं की मशीन पुढे येतं,
कुणाचा हात न लागलेला शब्द,
आकड्याच्या पोटातून निघालेला.
मिस्टेकला माणूस लागतो.
माणूस आहे. शब्बीर आत्तार, लेथ नंबर चार,
मघापासून बाहेर नळावर हात धुतोय,
तेल गेलं तरी धुतोच आहे.

ब्लंडरला मोठी खुर्ची लागते,
सातशे रुपये रोजावर तो परवडत नाही.
लॅप्स? आमच्याकडे पॉलिसी लॅप्स होते.
फॉल्ट लिहून बघितला, खोडला.
त्या शब्दाला बोट असतं.

आईचं एका शब्दात भागायचं.
भाजी खारट झाली, चूक.
लग्न मोडलं माझं, तेव्हाही तोच, फक्त हळू आवाजात.
आणि वाण्याचं बिल देऊन आली की म्हणायची,
चुकतं केलं गं सगळं.
हे मी जर्मनीला कसं कळवू?

शब्बीर आत आला. टेबलावर कागद ठेवला,
बोटांच्या ओल्या ठशांसकट.
"मॅडम, तुमची स्लिप. ड्रॉइंग इंग्रजीत होतं ना,
तुम्ही मराठीत काढून दिलेलं."
माझंच अक्षर. एकोणीस पूर्णांक एक.
घाईत एकाला गाठ बसलेली,
नऊ वाचा, कुणीही नऊच वाचेल.
त्यानं वाचला तसा कापला,
शंभरावर बारा वेळा, अगदी अचूक.

पुढे तो काही बोलला नाही.
नाशिक फाट्याची पहिली बस किती वाजता,
एवढंच विचारलं.

डिक्शनरीत स्लिपखाली दोन अर्थ :
चिठ्ठी. आणि निसटणं.
वाचून हसू आलं, मग आलं नाही.

रकान्यात अजून शब्द नाही.
खाली, जबाबदार व्यक्ती,
तिथे त्याचं नाव टाइप झालेलं होतं.
ते काढून माझं घातलं,
प्रिंट काढली, सही केली.
तारीख अकरा.
इंग्रजी एक म्हणजे नुसती काठी.
तरी दोन्ही सावकाश काढले.