क्षमता १८०

मे महिन्यात मोजली होती ही शाळा,
पंचेचाळीस डिग्रीत, डोक्याला ओला दुपट्टा बांधून.
माणशी साडेतीन चौरस मीटर.
वर्ग आठ, नळ दोन, संडास चार.
किल्ली : शिपाई उके, घर नाल्यामागं.

उके म्हणाले होते,
"साहेब, खालचे वर्ग नोका धरू,
इथं नाली उलटी येते."
मी मान हलवली
आणि खालचे वर्ग धरले.

सप्टेंबरात, रात्री अडीचला,
नाग नदी गल्लीत शिरली
तेव्हा उकेंनी वरचा मजला उघडला होता.
गळ्यात किल्ली, अंगात दुसऱ्याचा शर्ट.
तुमचं घर? हे विचारायला
मला सकाळ झाली.

माणसं नकाशासारखी झोपत नाहीत.
कुणी कूलरची मोटर उशाशी घेतलेली,
शेळी जिन्यात अडून बसलेली.
बायांनी कोपऱ्यात साडी धरून आडोसा केला;
माझ्या यादीत आडोसा नव्हताच.

खाली पाणी फळ्यापर्यंत चढलं,
सुविचाराची शेवटची ओळ पुसून थांबलं.

उजाडताना उकेंनी माझी टेप मागितली.
वाटलं, काही मोजायचं राहिलं असेल.
त्यांनी ती व्हरांड्यात ताणून बांधली
आणि पोरींच्या केसांतल्या चापांनी
तिच्यावर वाळत घातली
रेशन कार्डं, जातीचे दाखले,
कुणाची तरी भूगोलाची वही.

आले दोनशे त्रेचाळीस.
रकाना भरायला पेन काढलं, तर उके म्हणाले,
"आधी च्या घ्या, मंग लिहा.
अन् वर एक नळ पायजे,
थे पहिले लिहा."